गोडं पाणी

माझ्या दुकानात गांडुळं मिळतात, डझनावर.
बर्फ मिळतो, रबरी बेडूक, मासेमारीचे परवाने,
आणि फुकटचा सल्ला, जो कुणीच नेत नाही.
आर्सेन गिड्री आला मार्चअखेरीला,
लुइझियानाची नंबरप्लेट, मागच्या सीटवर गादी.
यातलं काहीही न मागता
त्यानं काउंटरवर एक डबी उघडली.

हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, त्यावर हिरवी रेघ,
शिशाचे डोळे, डोक्याच्या मानानं भलतेच मोठे.
नारिंगी कोळंबी, मिशा अंगाहून लांब.
एक खेकडा, गालिच्याच्या दोऱ्यांचा, रबरी पायांचा.
एकही माशी माशीसारखी दिसत नव्हती.
"तरी माशीच म्हणायचं," तो म्हणाला.
"खाडीतल्या लाल माशासाठी बांधलेल्या.
तुमच्याकडे काय आहे?"

मी म्हटलं, बास आहे. पण हे ओझार्कचं गोडं पाणी.
समुद्र इथून दिवसभर गाडी हाकली तर.
आमच्या बासनं खेकडा बघितलाय कुठं?
मागच्या बाकावर ड्वेन स्टीग्लर हसला,
हसता हसता कॉफी गुडघ्यावर.
आर्सेननं खांदे उडवले.
"मीही या महिन्यापर्यंत डोंगर बघितला नव्हता."

वादळाबद्दल तो बोलला नाही. मी विचारलं नाही.
घराबद्दल एकदाच म्हणाला, जिना राहिलाय,
पाच पायऱ्या. वर काही नाही.

पहिले तीन दिवस कुठं माशी शिंकली कोण जाणे,
रिकाम्या हातानं आला, बर्फ घेऊन गेला.
चौथ्या दिवशी मी धक्क्यावरून पाहत होते:
बुडालेल्या सीडरचे सांगाडे, त्यांच्या मधे
त्यानं तो खेकडा असा सोडला
की पाण्याला कळलंही नाही.
मग थांबला. मी असते तर ओढलं असतं.
तो थांबला, तळाशी चिखल उडेपर्यंत,
आणि दोरी दोनदा, बोटभर, खेचली.

पाणी फुगलं आणि फुटलं.

पाच पौंड असेल. ड्वेन साडेचार म्हणतो.
जबडा उघडला तर घशात अजून
एका झिंग्याच्या मिशा हलत होत्या,
दगडाखालचा, इथलाच, खेकड्याचा लांबचा भाऊ.
आर्सेननं त्याही मला दाखवल्या,
दुकानातला वहीखात्याचा पुरावा असावा तशा,
आणि मासा सोडून दिला.

मग मला शिकवलं. मासा लागला की
काठी वर नाही करायची, दोरी ओढायची,
सरळ, आपल्या पोटाकडे.
माझा हात चाळीस वर्षं वरच जातो.
सहा मासे गेले त्यात. सातवा
अजून हाताला आठवतो,
अंगठ्यावर त्याच्या बारीक दातांची खरवड
दोन दिवस भाजी चिरताना चुरचुरत होती.

एकदा त्याचं लक्ष नसताना
मी त्या खेकड्याला जीभ लावून पाहिली.
गंजाची चव. बाकी काही नाही.

आता गांडुळांशेजारी काचेच्या बरणीत
आर्सेनचे खेकडे असतात, तीन डॉलरला एक.
ड्वेननं दोन नेले, म्हणाला, मेव्हण्यासाठी.
ड्वेनला मेव्हणा नाही.

आणि रोज संध्याकाळी आर्सेन दुकानामागे येतो,
नळाखाली एकेक माशी धरतो,
डोळे, केस, गळाचं टोक, शेवटी चाक,
मीठ राहिलं तर खातं सगळं, म्हणतो.
बोटांनी निपटतो, फडक्यावर ओळीनं मांडतो.
मे गेला, जून गेला. कुठलं मीठ?
शिवाय माझ्या नळाला पाणी
याच तलावातून येतं.

हे मी त्याला सांगणार होते.
तो धुवून झाला की म्हणतो, "झालं,"
आणि नळ इतका घट्ट बंद करतो
की सकाळी मला दोन्ही हात लावावे लागतात.